कळण्यापासून वळण्यापर्यंत : प्रतिजैविकांवरील निर्बंधांचा इतिहास



या व्यासपीठावरून आजवर इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य अशा विषयांतील अधिकारी मंडळी बोलून गेली. त्यांच्या पंक्तीला बसण्याइतकी माझी विद्या नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते कामगारांच्या सभांत, कामगार न्यायालयाच्या बाकांवर आणि वाचनालयाच्या टेबलाशी बसून शिकलो. तेव्हा प्रतिजैविक औषधांवर मी बोलणार हे ऐकून, हा गृहस्थ वैद्यकी कधी शिकला, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती रास्तच आहे. तिला माझे उत्तर एवढेच की, आजचा विषय खरे पाहता वैद्यकीचा नाही. एखादी गोष्ट घातक आहे हे ठाऊक असूनही तिच्यावर नियम केव्हा होतो, कोणामुळे होतो आणि झालेला नियम पाळला केव्हा जातो, हा आजचा प्रश्न आहे. या प्रश्नाशी माझा तीस वर्षांचा परिचय आहे.

'कळते पण वळत नाही' असे आपण एखाद्या माणसाविषयी म्हणतो. राष्ट्रांनाही ते तितकेच लागू पडते. प्रतिजैविकांचा वाटेल तसा वापर केला तर ती निकामी होतील, हे जगाला १९४५ पर्यंत कळून चुकले होते. पहिले राष्ट्र पुरतेपणी वळू लागले ते त्यानंतर चाळीस वर्षांनी. आणि पुष्कळ राष्ट्रे अजून वळणाशीच घोटाळत उभी आहेत. कळण्यापासून वळण्यापर्यंतची ही वाट कोणी, कशी चालून काढली, ते आज पाहावयाचे आहे.

प्रथम कळले काय ते पाहू. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्या भोवतालचे जंतू नाहीसे झालेले त्यांना दिसले. त्या बुरशीपासून माणसाला टोचता येईल असे औषध काढण्याचे काम पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी आणि चेन यांनी केले. तेच पेनिसिलीन. १९४५ साली या तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पेनिसिलीन सर्वसामान्य रोग्यापर्यंत पोचण्याच्याही आधी, १९४० साली, चेन आणि त्यांचे सहकारी अब्राहम यांनी असे प्रसिद्ध केले होते की, काही जंतू पेनिसिलीनचा नाश करणारा पदार्थ आपल्याच शरीरात तयार करतात. तलवार म्यानातून पुरती निघाली नव्हती, तोच शत्रूपाशी ढाल असल्याचे कळले होते.

डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाचे व्याख्यान देताना फ्लेमिंग यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखू लागतो. तो दुकानातून स्वतःच पेनिसिलीन आणतो आणि अपुऱ्या मात्रेत घेतो. त्याच्या घशातील जंतू मरत तर नाहीतच, उलट औषधाला तोंड कसे द्यावे याचा धडा शिकतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन दिले जाते, ते चालत नाही, आणि ती बिचारी मरते. चूक एकाची, मरण दुसऱ्याचे. सगळ्या प्रश्नाचे मर्म या छोट्या गोष्टीत आहे.

हे घडते कसे, तेही सोप्या शब्दांत सांगतो. आपल्या अंगावर आणि आतड्यांत कोट्यवधी जंतू नांदत असतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारक. या कोट्यवधींत दोनचार असे चिवट निघतात की ज्यांच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. औषध घेतले की नरम जंतू मरतात आणि सगळे रान त्या चिवटांना मोकळे मिळते. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालतच नाही. म्हणजे पडशावर घेतलेली गोळी पडशाला लागत नाही, पण आतड्यातल्या जंतूंना मात्र फुकटची तालीम देऊन जाते. १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी याच्याही पुढची गोष्ट दाखवली. हा चिवटपणा एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो, आणि तोही एका वेळी तीनचार औषधांविरुद्धचा.

एवढे कळल्यावर माणूस शहाणा का झाला नाही? आमच्या चळवळीतल्या अनुभवावरून याचे उत्तर द्यावेसे वाटते. कामाचे तास कमी असावेत हे चांगल्या गिरणीमालकालाही पटत असे. परंतु त्याने एकट्याने तास कमी केले तर शेजारचा मालक स्वस्त कापड विकून त्याला बुडवणार. म्हणून पटूनही कोणी हालत नसे. सर्वांना एकाच दिवशी, सारखा लागू होणारा कायदा आला तेव्हाच तास कमी झाले. प्रतिजैविकाचेही असेच आहे. एक गोळी घेण्याचा फायदा घेणाऱ्याला आज मिळतो. तिचा तोटा उद्या, परक्याला, थोडाथोडा होतो. चिठ्ठीशिवाय गोळी न देणाऱ्या केमिस्टाचे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. गोळी न लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या हाताला गुण नाही म्हणतात. गावची विहीर सर्वांची. पण आपला पोहरा आधी भरावा असे प्रत्येकाला वाटते.

आता इंग्लंडकडे वळू, कारण नियमाचा पहिला प्रयोग तेथे झाला. १९४७ साली ब्रिटिश पार्लमेंटने पेनिसिलीनचा कायदा करून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकण्यास बंदी केली. हा कायदा तेथे बऱ्यापैकी पाळला गेला, आणि त्याचे एक कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी, जुलै १९४८ मध्ये, तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि मजुरापासून सरदारापर्यंत सर्वांना डॉक्टर फुकट मिळू लागला. दुकानाचा दरवाजा लोटला, पण शेजारी दवाखान्याचा उघडला. या गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

परंतु पुढचा दरवाजा बंद करून त्याच सरकारने मागची खिडकी उघडी टाकली. १९५० च्या सुमारास अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतील ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड यांना असे आढळले की, प्रतिजैविक तयार करताना उरणारा चोथा कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात मिसळला, तर जनावरे लवकर वजन धरतात. मात्रा अगदी थोडी लागे. रोग बरा करण्यास अपुरी, पण जंतूंना धडा देण्यास पुरेशी. युद्धानंतरच्या टंचाईत स्वस्त मांस कोणाला नको होते? १९५३ साली ब्रिटनने कायदा बदलून पशुखाद्यात पेनिसिलीन आणि टेट्रासायक्लीनच्या वर्गातील औषध मिसळण्यास परवानगी दिली. माणसाला चिठ्ठी लागे, डुकराला लागत नसे.

मग तक्रारी सुरू झाल्या. १९६० साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष लॉर्ड नेदरथॉर्प हे शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे माजी अध्यक्ष होते. १९६२ साली समितीने, चालले आहे ते ठीकच आहे, असा निर्वाळा दिला. चौकशी समित्यांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. परंतु लंडनमधील सरकारी प्रयोगशाळेत अँडरसन नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी पिच्छा सोडला नाही. वासरांच्या व्यापारात साल्मोनेला जातीच्या जंतूंची एक साथ पसरली होती. ते जंतू एकामागून एक औषध झुगारीत होते आणि माणसांतही येत होते. अँडरसन यांनी त्यांचा माग काढून वर्षानुवर्षे हिशोब मांडला. अशात १९६७ च्या अखेरीस मिडल्सबरो भागातील इस्पितळांत तान्ह्या मुलांमध्ये अतिसाराची साथ आली. जंतू बहुतेक औषधांना दाद देईनात आणि अनेक बालके दगावली. ते जंतू गोठ्यातूनच आले, असे सिद्ध झाले नाही. पण वर्तमानपत्रांतून गवगवा झाला, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले आणि १९६८ साली मायकेल स्वॉन यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमावी लागली. जे काम शास्त्रज्ञाच्या आकड्यांनी इतकी वर्षे झाले नव्हते, ते आयांच्या आक्रोशाने काही महिन्यांत झाले. मात्र आकडे आधीपासून तयार होते, म्हणूनच त्या आक्रोशाला दिशा मिळाली, हेही विसरता कामा नये.

स्वॉन समितीचा अहवाल नोव्हेंबर १९६९ मध्ये आला. माणसाच्या उपचारात लागणारी औषधे जनावरांची वाढ करण्यासाठी खाद्यात मिसळू नयेत, पशुवैद्याच्या चिठ्ठीनेच ती दिली जावीत, हा त्याचा गाभा. १९७१ साली ब्रिटनमध्ये पेनिसिलीन आणि टेट्रासायक्लीन यांचा खाद्यातील खुला वापर बंद झाला. जगातील सरकारांना तत्त्व मिळाले. पण तत्त्वाला दोन भोके राहिली. पशुवैद्य चिठ्ठी देऊ शकत होता, आणि तो ती देत राहिला. शिवाय जी औषधे माणसाला वापरत नाहीत ती खाद्यात चालतील, असा अर्थ निघाला. कारखानदारांनी माणसाच्या औषधांची सख्खी भावंडे शोधून नव्या नावाने बाजारात आणली. त्यातलेच एक अव्होपार्सिन. त्याचे पुढे काय झाले ते डेन्मार्कच्या कथेत येईल.

तोवर स्वीडनमध्ये एक वेगळीच घटना घडली. १९८० च्या सुमारास तेथे अशी आकडेवारी बाहेर आली की, दरवर्षी सुमारे ३० टन प्रतिजैविके जनावरांच्या खाद्यातून जातात. वर्तमानपत्रांत टीका झाली, गिऱ्हाईक मांसाकडे संशयाने पाहू लागले. अशा वेळी संघटना काय करतात, हे आपण पाहतोच. खुलासे काढतात, बदनामी थांबवा म्हणतात. स्वीडिश शेतकऱ्यांच्या महासंघाने तसे केले नाही. १९८१ साली त्याने औषधांचा वापर आवरता घेण्याचे धोरण स्वतः जाहीर केले, आणि पुढे सरकारलाच सांगितले की, वाढीसाठी औषधे घालण्यावर कायद्याने बंदी करा. १९८५ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९८६ पासून स्वीडन हे अशी संपूर्ण बंदी करणारे जगातील पहिले राष्ट्र ठरले.

यात शेतकऱ्यांचा निव्वळ परोपकार होता असे मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक तुटू लागले होते, हे खरे. पण तुटणारे गिऱ्हाईक इतर देशांतही होते. फरक एवढाच की, स्वीडनमध्ये सर्वांच्या वतीने बोलणारी एक भक्कम संघटना होती, आणि आपले सभासद एकेकटे हे करू शकणार नाहीत, कायदा सर्वांना सारखा हवा, हे तिला उमगले होते. गिरणीच्या तासांचे गणित त्यांनी गोठ्यात सोडवले. बंदीनंतर सगळे सुरळीत झाले असेही नाही. आईपासून लवकर तोडलेल्या डुकरांच्या पिलांना जुलाब होऊ लागले आणि उपचाराची औषधे काही काळ जास्त लागली. मग पिलांना आईजवळ जास्त दिवस ठेवणे, गर्दी कमी करणे, खाद्य बदलणे, स्वच्छता वाढवणे हे उपाय एकेक करून बसवले गेले. औषध आतापर्यंत कशावर पांघरूण घालत होते, ते औषध काढल्यावर दिसले. कोंदट खोलीत माणसे कोंबून वर खोकल्याचे औषध वाटणाऱ्या मालकाची येथे आठवण होते.

आता डेन्मार्क. व्हँकोमायसिन हे इस्पितळात अगदी शेवटी काढावयाचे राखीव औषध. मघाशी सांगितलेले अव्होपार्सिन हे त्याचेच भावंड. एकाला दाद न देणारे जंतू दुसऱ्यालाही देत नाहीत. १९९४ या एका वर्षात डेन्मार्कमध्ये माणसांच्या उपचारासाठी २४ किलो व्हँकोमायसिन वापरले गेले, आणि जनावरांच्या खाद्यात अव्होपार्सिन गेले २४,००० किलो. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर युक्तिवाद फारसा उरत नाही. डॅनिश शास्त्रज्ञांना कोंबड्या आणि डुकरे यांच्यात राखीव औषधाला न जुमानणारे जंतू सापडले आणि मे १९९५ मध्ये सरकारने अव्होपार्सिनवर बंदी घातली.

त्याच वर्षी डेन्मार्कने आणखी दोन गोष्टी केल्या, आणि माझ्या मते त्या बंदीपेक्षाही मोलाच्या होत्या. पहिली, 'डॅनमॅप' नावाची पाहणी सुरू केली. माणसांत किती औषध खपले, जनावरांत किती, आणि कोणत्या जंतूंमध्ये चिवटपणा किती, याचा हिशोब दरवर्षी छापून लोकांपुढे ठेवावयाचा. दुसरी, पशुवैद्याला औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर कडक मर्यादा घातली. जो चिठ्ठी लिहितो त्यालाच विक्रीचा नफा मिळत असेल, तर चिठ्ठी लांबतच जाणार. तेथे माणसाच्या सद्गुणावर भिस्त न ठेवता त्याची कमाई औषधाच्या खपापासून तोडली. पुढे उत्पादकांनी आपणहून १९९८ साली कोंबड्या व मोठ्या डुकरांचे, आणि १९९९ च्या अखेरीस पिलांचेही, वाढीचे औषध थांबवले. १९९४ साली सुमारे ११५ टन असलेला हा वापर २००० साली शून्यावर आला. आणि जंतू? कोंबड्यांतून तपासलेल्या एका जातीच्या जंतूंपैकी १९९५ साली शंभरांत सुमारे ७३ अव्होपार्सिनला दाद देत नव्हते. २००० साली ते प्रमाण सहाच्या आसपास उतरले. वळले तर फळ मिळते, याचा हा रोकडा पुरावा.

स्वीडन १९९५ साली युरोपीय संघात गेले, तेव्हा त्याला आपली बंदी सोडावी लागण्याचा धोका होता. त्याने १९९८ च्या अखेरीपर्यंत सवलत मागून घेतली आणि त्या मुदतीत आपली बाजू पुराव्यानिशी मांडली. अव्होपार्सिन १९९७ साली सर्व संघात बंद झाले, आणखी चार औषधे १९९९ साली गेली, आणि १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात घालणे संपूर्ण युरोपीय संघात बंद झाले. लहान राष्ट्रांनी आधी स्वतःवर नियम घालून घेतला म्हणून मोठ्या समूहाला तो स्वीकारावा लागला.

गोठा झाला, आता घराकडे येऊ. १९९० नंतर दक्षिण स्वीडनमध्ये पेनिसिलीनला पुरती दाद न देणारे न्यूमोनियाचे जंतू लहान मुलांच्या पाळणाघरांतून पसरू लागले. डॉक्टर, साथरोगांचे अधिकारी आणि औषधविक्रीची माहिती ठेवणारे लोक एकत्र बसले, आणि १९९५ साली 'स्ट्रामा' हे राष्ट्रीय मंडळ आकाराला आले. त्याची खुबी अशी की, त्याच्या शाखा प्रत्येक जिल्ह्यात होत्या आणि त्या शाखांत तेथलेच डॉक्टर होते. औषधांची दुकाने त्या काळी तेथे एका सरकारी कंपनीकडे असल्याने प्रत्येक चिठ्ठीचा हिशोब मिळे. जिल्ह्यातल्या डॉक्टरांपुढे त्यांचेच आकडे ठेवायचे आणि विचारायचे, शेजारच्या जिल्ह्यात मुलांचे कान निम्म्या औषधात बरे होतात, मग आपल्याकडे का होऊ नयेत? १९९५ साली दर हजार लोकांमागे वर्षाला ५३६ चिठ्ठ्या लिहिल्या जात. २००४ साली त्या ४१० झाल्या. पाच ते चौदा वर्षांच्या मुलांमधील वापर तर निम्म्याहून खाली आला. २००६ साली तेथील पार्लमेंटने या कामाला राष्ट्रीय धोरण म्हणून मान्यता दिली. म्हणजे काम आधी उभे राहिले आणि धोरणाचा कागद मागाहून आला. आजारी मुलाजवळ घरी राहणाऱ्या आईबापांना मजुरीची भरपाई देण्याची तरतूद तेथे १९७४ पासून होती, हेही सांगितले पाहिजे. मुलाला उद्याच्या उद्या बरे करा म्हणून डॉक्टरच्या मागे लागण्याची पाळी त्यामुळे कमी येते.

स्वीडनमधूनच आपल्या देशाकडे येणारा एक रस्ता आहे. दिल्लीत इस्पितळात राहून परतलेल्या एका रुग्णाच्या तपासणीत २००८ साली तेथे एक नवा प्रतिकारक गुण सापडला. बहुतेक सर्व राखीव औषधे त्याच्यापुढे लुळी पडत. त्याला नाव देताना नवी दिल्लीचे नाव घातले गेले. ऑगस्ट २०१० मध्ये यावरचा मोठा लेख ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात आला आणि आपल्याकडे गहजब उडाला. पण तो जंतूविषयी कमी आणि नावाविषयी जास्त. देशाची बदनामी, परदेशी रुग्ण पळवण्याचा डाव, असे पुष्कळ बोलले गेले. एप्रिल २०११ मध्ये दिल्लीतील पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत तो गुण आढळला. तेव्हा पुन्हा तेच झाले. थोड्याच महिन्यांत मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी, उपलब्ध सर्व औषधांना न जुमानणारा क्षय चार रुग्णांत आढळल्याचे जाहीर केले. त्यावरही पहिला वाद झाला तो, असा शब्द वापरावा की नाही, याचाच. स्वीडनच्या शेतकऱ्यांनी आकडा ऐकून नियम मागितला; आपण आकडा सांगणाऱ्याच्या अंगावर धावलो.

आपल्या देशाचा आणि या औषधांचा संबंध काही कालचा नाही. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून तेथे सरकारी मालकीच्या कारखान्यात, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने, पेनिसिलीन निघू लागले. परदेशी कंपन्यांच्या तोंडाकडे न पाहता गरिबाला स्वस्त औषध मिळावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो थोर होता. चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांची यादीही आपल्या कायद्यात होती. पाळली मात्र जात नव्हती.

२०११ साली केंद्र सरकारने प्रतिकाराला आळा घालण्याचे पहिले राष्ट्रीय धोरण काढले. त्यात काही बडी औषधे मोठ्या इस्पितळांपुरतीच ठेवण्याची कल्पना होती. त्यावर दोन बाजूंनी ओरड झाली. व्यापाऱ्यांची ओरड धंद्यासाठी होती. पण दुसरी ओरड खरी होती : ज्या खेड्यात डॉक्टरच नाही, तेथे चिठ्ठी कोण देणार? धोरण बाजूला पडले. मग ऑगस्ट २०१२ मध्ये देशातील वैद्यकीय संघटनांचे प्रतिनिधी चेन्नईत जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा काढला. सगळे एकदम मागू नये, पायरीपायरीने जे अमलात येईल तेच मागावे, हा त्याचा सूर होता. मागणीपत्र लिहिणाऱ्या कोणाही कार्यकर्त्याला ही रीत ओळखीची वाटेल. सरकारला हात धरायला जागा मिळाली. ऑगस्ट २०१३ मध्ये औषधांच्या नियमांत 'एच-१' ही नवी अनुसूची निघाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यात ४६ औषधे होती. नवी प्रतिजैविके होती आणि क्षयाची औषधेही. ही औषधे देताना केमिस्टाने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या वहीत लिहावी आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम झाला. २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१८ साली केरळने राज्याचा स्वतःचा आराखडा केला. तसे करणारे ते पहिले राज्य. जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या राखीव औषधाचा कोंबड्या, मासे आणि इतर खाद्य-जनावरांसाठी वापर केंद्राने बंद केला.

म्हणजे वळण्याची सुरुवात आपणही केली आहे. मग पुढची पावले जड का पडतात? येथे मी माझ्या माणसांच्या वतीने बोलतो. रोजंदारीवरचा मजूर तापाने फणफणला तर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. दवाखान्यात जाऊन रांग धरायची, म्हणजे दिवसाचा खाडा, वर डॉक्टरची फी. नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन गोळ्या आणून पाळीवर हजर व्हायचे. तो दुसरा मार्ग धरतो, आणि ताप उतरला की उरलेल्या गोळ्यांचे पैसे वाचवतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण त्याचा हिशोब चुकीचा नाही. त्याच्या हाती असलेल्या पैशांत आणि वेळेत तोच हिशोब बसतो. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विमा योजनेत दवाखाना आणि आजारपणातील मजुरीचा भाग, या दोन्हींची तरतूद झाली. पण कंत्राटी हातांचा, बांधकामावरच्या आणि शेतावरच्या मजुरांचा मोठा समुदाय तिच्या बाहेरच राहिला. या माणसासाठी दुकानाचा दरवाजा बंद केला आणि दवाखान्याचा उघडला नाही, तर तो नियम मोडणारच; आणि नाही मोडला तर कदाचित मरेल. गरज नसता औषध खाऊन होणारे नुकसान जसे खरे, तसे गरज असता औषध न मिळून होणारे मृत्यूही खरेच.

उलट बाजूने कोणी म्हणेल की, मग गरिबाची दया येऊन नियमच नको. तसे मुळीच नाही. चिवट जंतूंचा पहिला बळी गरीबच असतो. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. श्रीमंताला महागडे राखीव औषध तरी गाठता येते. चाळीतल्या क्षयरोग्याचे पहिले स्वस्त औषध निकामी झाले की त्याचे घरच बुडते. तेव्हा नियमाची गरज सर्वांत जास्त आमच्याच माणसांना आहे. म्हणूनच तो नियम पाळता येईल असा हवा, हे आम्हीच मागितले पाहिजे.

या सगळ्या इतिहासातून मला जे दिसते ते थोडक्यात मांडतो. ब्रिटन असो, स्वीडन असो, डेन्मार्क असो, नियम तेथे आला जेथे कोणी तरी चिकाटीने मोजले आणि मोजलेले उघड केले. तो टिकला तेथे, जेथे एखाद्या संघटित वर्गाने तो आपल्यावर लादून घेतला आणि ज्याच्या हाती चिठ्ठी त्याचा नफा त्या चिठ्ठीपासून तोडला गेला. आणि तो सामान्य माणसाने पाळला तेथे, जेथे पाळण्याची किंमत त्याच्या एकट्याच्या खिशातून गेली नाही.

यातले काही आपल्या गावातही होऊ शकते. येथे डॉक्टरांचा संघ आहे, केमिस्टांचा आहे, कामगारांचा आहे. सर्व केमिस्टांनी एकाच दिवसापासून चिठ्ठीचा नियम पाळायचे ठरवले, तर कोणाचेच गिऱ्हाईक तुटणार नाही. स्वीडिश शेतकऱ्यांनी हेच ओळखले होते. नगरपालिकेच्या दवाखान्याची वेळ पाळी सुटल्यानंतरही असावी, ही मागणी कामगारांनी करावी. आणि आजारपणाची भरपगारी रजा ही केवळ वेतनाची बाब नसून सर्व गावाच्या आरोग्याची बाब आहे, हे मालकांना आणि सरकारला पटवावे. आमच्या संघटनेच्या पुढच्या मागणीपत्रात हे कलम राहील, असे येथे सांगतो. आपल्यापैकी जे डॉक्टर आणि केमिस्ट आहेत, त्यांनी त्या वेळी आमच्याबरोबर बसावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.